श्वसनसंस्थेची परिभाषा : अवयव एक, नावे अनेक

श्वासाच्या तक्रारीने येणाऱ्या रुग्णाच्या हाती आज बहुधा तीन भाषांतले कागद असतात. क्ष-किरण तपासणीचा अहवाल इंग्रजीत, आधीच्या वैद्याची चिठ्ठी संस्कृतप्रचुर मराठीत, आणि रुग्णाची स्वतःची कैफियत घरच्या बोलीत. या तिन्हींचा मेळ घालून निदान करणे हे वैद्याचे काम, आणि चिठ्ठीवरील शब्द वाचून नेमके औषध देणे हे औषधविक्रेत्याचे काम. या साखळीत एक शब्द जरी दोन अर्थांनी वापरला गेला, तरी त्याची किंमत अखेर रुग्णास मोजावी लागते. म्हणून श्वसनसंस्थेच्या शारीराचा आणि परिभाषेचा एकत्र विचार करावा, या हेतूने प्रस्तुत लेख लिहीत आहोत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. संहितांतील संज्ञा आणि आधुनिक शारीरातील संज्ञा यांची घाईने घातलेली जोडी दोन्ही शास्त्रांवर अन्याय करते. जेथे अर्थ खरोखर जुळतो तेथे तो जुळवावा. जेथे जुळत नाही तेथे दोन्ही संज्ञा स्वतंत्र ठेवाव्यात, आणि रुग्णाच्या कागदावर दोन्ही स्पष्टपणे लिहाव्यात.

संहितांतील फुफ्फुस

चरकाचार्यांनी शारीरस्थानात पंधरा कोष्ठांगे मोजली आहेत. त्यांत नाभी, हृदय, क्लोम, यकृत, प्लीहा, वृक्क इत्यादी येतात. परंतु फुफ्फुस येत नाही. प्रथम वाचताना विद्यार्थ्यास याचे आश्चर्य वाटते. सुश्रुताचार्य मात्र कोष्ठाच्या गणनेत फुफ्फुसाचा स्पष्ट उल्लेख करतात आणि त्याची उत्पत्ती रक्ताच्या फेसापासून सांगतात. हलके, सच्छिद्र, कापल्यावर फेसाळ रक्त देणारे फुफ्फुस ज्याने प्रत्यक्ष पाहिले असेल, त्याला ही कल्पना निरीक्षणावाचून सुचलेली नाही हे पटेल. पुढे शार्ङ्गधराचार्यांनी फुफ्फुस हा उदानवायूचा आधार सांगितला. नाभिस्थ प्राणवायू हृदयास स्पर्श करून कंठातून बाहेर जातो, बाहेरील आकाशातील अमृत घेऊन वेगाने परततो आणि सर्व देहाचे पोषण करतो, असे श्वसनाचे वर्णनही त्यांनी दिले आहे. बाहेरून काहीतरी जीवनावश्यक घेतले जाते आणि ते सर्व शरीरास पोहोचते, हे या वर्णनाचे सार आहे. ते 'अमृत' म्हणजेच ऑक्सिजन, असे लिहिण्याचा मोह मात्र टाळावा. ऑक्सिजनचा शोध अठराव्या शतकातला आहे आणि त्यामागची प्रायोगिक रीत वेगळी आहे.

प्राणवह स्रोतसाचे मूळ चरकांनी हृदय आणि महास्रोतस असे सांगितले. सुश्रुतांनी दोन प्राणवह स्रोतसे मानून हृदय आणि रसवाहिनी धमन्या हे त्यांचे मूळ सांगितले. दोघांनीही मूळ म्हणून फुफ्फुस सांगितले नाही. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. प्राणवह स्रोतस म्हणजे केवळ नाकापासून फुफ्फुसापर्यंतची नळी नव्हे. ती कार्यावर आधारलेली संकल्पना आहे आणि तिच्यात हृदय, रसधातू व अन्नमार्ग यांचाही संबंध गृहीत आहे. श्वासव्याधीचा उद्भव चरकांनी पित्तस्थानातून सांगितला, तोही याच दृष्टीने वाचला पाहिजे. 'प्राणवह स्रोतस म्हणजे रेस्पिरेटरी सिस्टिम' हे समीकरण परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत सोयीचे असले, तरी रुग्णाच्या बिछान्याशी ते अपुरे पडते.

सुश्रुतांच्या मर्मविचारात उरःस्थानाची आणखी एक बाजू दिसते. स्तनमूल, स्तनरोहित, अपलाप आणि अपस्तंभ या मर्मांवरील आघाताचे परिणाम त्यांनी वेगवेगळे सांगितले आहेत. एका ठिकाणी कोष्ठ कफाने भरतो, दुसऱ्या ठिकाणी रक्ताने, तिसऱ्या ठिकाणी रक्ताचा पू होतो आणि अपस्तंभाच्या वेधात कोष्ठ वाताने भरून कास-श्वासाने मृत्यू ओढवतो. छातीच्या पोकळीत हवा, रक्त किंवा पू साठणे या तीन वेगळ्या अवस्था आजचा शल्यचिकित्सकही वेगळ्याच ठेवतो. येथे अवयवाचे नाव जुळविण्यापेक्षा परिणामाचे निरीक्षण जुळते, हे अधिक मोलाचे होय.

क्लोमाचा वाद

परिभाषेतील गोंधळाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे क्लोम. चरकांनी तालू व क्लोम हे उदकवह स्रोतसाचे मूळ सांगितले. सुश्रुतांनी हृदयाच्या खाली डावीकडे प्लीहा व फुफ्फुस आणि उजवीकडे यकृत व क्लोम अशी मांडणी दिली. फुफ्फुस डावीकडे आणि क्लोम उजवीकडे, या मांडणीवरून काही अभ्यासकांनी क्लोम म्हणजे उजवे फुफ्फुस असा अर्थ लावला. तहानेशी संबंध पाहून कोणी त्यास ग्रसनी मानले, यकृताचे सान्निध्य पाहून कोणी पित्ताशय मानले, तर कोणी स्वादुपिंड. श्वासनलिका म्हणजेच क्लोम असे मानणाराही एक पक्ष आहे.

हा वाद ग्रंथालयापुरता राहिला असता तर चिंता नव्हती. पण त्याचे पडसाद शब्दकोशांत उमटले. 'क्लोमशाखा' हा शब्द श्वसनीच्या अर्थी लिहिलेला आढळतो. हिंदीतील जीवशास्त्राच्या पुस्तकांत माशांच्या कल्ल्यांना क्लोम म्हणतात. आणि आयुर्वेदाच्या काही ग्रंथांत तोच शब्द स्वादुपिंडासाठी येतो. उत्तर भारतात छापलेली हिंदी पुस्तके वाचून शिकलेला वैद्य महाराष्ट्रात व्यवसाय करू लागला, तर त्याच्या चिठ्ठीतील 'क्लोमविकार' वाचणाऱ्याने कोणता अवयव समजावा? आमच्या मते क्लोम हा शब्द संहितेच्या अध्ययनात संहितेच्याच अर्थविचारासह राहू द्यावा. आधुनिक अवयवाचे नाव म्हणून तो चिठ्ठीत वापरू नये.

असा घोटाळा केवळ आपल्याकडेच झाला असे समजण्याचे कारण नाही. प्राचीन ग्रीक वैद्य श्वासनलिकेस 'खरबरीत आर्टेरिया' म्हणत. पुढे त्यातील 'खरबरीत' या अर्थाचा शब्द ट्रॅकिया म्हणून श्वासनलिकेकडे राहिला आणि आर्टेरिया हे नाव रक्तवाहिनीकडे गेले. त्या रक्तवाहिन्यांतून वायू वाहतो असे मानणारा एक पक्ष तेव्हा प्रबळ होता. गॅलनने तो खोडून काढला, पण नाव टिकले. आपला 'धमनी' हा शब्दही फुंकणे या अर्थाच्या धातूपासून आलेला आहे. युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शारीरातील सुमारे पाच हजार रचनांना मिळून पन्नास हजारांच्या आसपास नावे प्रचारात होती. १८९५ साली बाझल येथे ती निवडून एका रचनेस एक नाव, असे सूत्र मान्य करण्यात आले. १९९८ साली प्रसिद्ध झालेली आंतरराष्ट्रीय शारीर परिभाषा ही त्याच प्रयत्नाची पुढची पायरी होय.

नाकापासून वायुकोशापर्यंत

आता प्रत्यक्ष रचनेकडे वळू. नाकपुडीतून शिरलेली हवा नासामार्गात गरम, ओलसर व काहीशी स्वच्छ होते. तेथून ती ग्रसनीत येते. ग्रसनी हा अन्न आणि हवा यांचा सामाईक चौक आहे. पुढे स्वरयंत्र, त्याच्या तोंडावरील झाकण व स्वररज्जू मिळून गिळताना हवेची वाट बंद करतात. स्वरयंत्राखाली श्वासनलिका सुरू होते. प्रौढात तिची लांबी साधारणतः १० ते १२ सेंटिमीटर असून तिच्या भिंतीत १६ ते २० अर्धवर्तुळाकार कूर्चा असतात. कूर्चांचा मागचा भाग उघडा असतो, म्हणून मागील अन्ननलिकेस घास जाताना फुगण्यास जागा मिळते.

छातीत श्वासनलिका दुभागून उजवी व डावी श्वसनी तयार होते. उजवी श्वसनी अधिक रुंद, अधिक आखूड आणि अधिक उभी असते. लहान मुलाने शेंगदाणा, हरभरा किंवा चिंचोका श्वासात ओढला, तर तो बहुधा उजवीकडे जातो, तो या रचनेमुळेच. खेळता खेळता मूल एकाएकी ठसकले आणि त्यानंतर छातीच्या एकाच बाजूस घरघर ऐकू येऊ लागली, तर त्यास तमकश्वास समजून चूर्ण देत राहणे घातक ठरू शकते. त्याला दुर्बिणीद्वारे तपासणाऱ्या तज्ज्ञाकडे त्वरित पाठविले पाहिजे. शारीराचे ज्ञान व्यवहारात कसे उपयोगी पडते, याचे हे साधे उदाहरण आहे.

उजव्या फुफ्फुसास तीन खंड आणि डाव्यास दोन. श्वसनी पुढे पुढे विभागत जाते. श्वासनलिकेपासून अखेरच्या टोकापर्यंत अशा सुमारे २३ पिढ्या मोजल्या जातात. ज्या बारीक नळ्यांच्या भिंतीत कूर्चा उरत नाही, त्या श्वसनिका. कूर्चेचा आधार नसल्याने भिंतीतील स्नायू आकुंचन पावले की त्या सहज अरुंद होतात. दम्याच्या वेगात नेमके हेच घडते. पहिल्या सोळाएक पिढ्या केवळ हवा वाहून नेतात. प्रत्येक श्वासात आत येणाऱ्या सुमारे ५०० मिलिलिटर हवेपैकी १५० मिलिलिटरच्या आसपास हवा या मार्गातच राहते आणि वायूंच्या देवाणघेवाणीस उपयोगी पडत नाही. उथळ व भराभर श्वास घेणारा रुग्ण लवकर का थकतो, हे यावरून ध्यानी येते.

शेवटी वायुकोश. पूर्वीच्या पुस्तकांत त्यांची संख्या ३० कोटी दिलेली असे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत ती दोन्ही फुफ्फुसांत मिळून सरासरी सुमारे ४८ कोटी आढळली. त्यांचे एकूण क्षेत्रफळ ७० चौरस मीटरच्या आसपास धरतात. वायुकोशाच्या आतील बाजूस असलेला पृष्ठताण कमी करणारा द्रव त्यास मिटू देत नाही. फुफ्फुसाभोवती दुपदरी फुफ्फुसावरण असते, आणि खाली छाती व उदर यांना विभागणारे श्वासपटल हा श्वास आत घेण्याचा मुख्य स्नायू होय. योगपरंपरेत दिवसाला २१,६०० श्वास मोजतात; म्हणजे मिनिटास पंधरा. विश्रांत अवस्थेतील प्रौढाची आजची मान्य मर्यादा १२ ते २० आहे, हे पाहता ही गणना वास्तवापासून दूर नाही.

शोथ, दाह आणि 'छातीत पाणी'

अवयवांच्या नावांपेक्षा विकारांच्या नावांत अधिक धोका आहे. मराठी परिभाषेत इन्फ्लमेशनसाठी कोठे 'शोथ' तर कोठे 'दाह' वापरतात. आयुर्वेदात दाह हे जळजळीचे लक्षण आहे, आणि शोथ म्हणजे सूज. मग ती पायावरील पाण्याची असो वा व्रणाभोवतीची. आता 'फुफ्फुसशोथ' हा शब्द घ्या. एक जण तो न्यूमोनियासाठी लिहील. दुसरा हृदय दुर्बल झाल्याने फुफ्फुसात द्रव झिरपून झालेल्या सुजेसाठी, म्हणजे पल्मनरी इडिमासाठी लिहील. पहिल्यात जंतुसंसर्गाचा विचार प्रथम. दुसऱ्यात रुग्णालय गाठण्यास तासभराचा विलंबही महागात पडेल. एकच शब्द दोन्हींस वापरणे परवडणारे नाही.

बोलीतील 'छातीत पाणी झाले' हाही असाच फसवा प्रयोग आहे. फुफ्फुसावरणाच्या दोन पदरांत पाणी साठले तरी लोक तेच म्हणतात आणि वायुकोशांत पाणी आले तरी तेच. पहिल्यामागे आपल्या देशात क्षयरोग हे एक प्रमुख कारण असते. दुसऱ्यामागे बहुधा हृदय असते. पाणी फुफ्फुसाच्या बाहेर की आत, हा प्रश्न वैद्याने अहवाल वाचताना स्वतःस विचारलाच पाहिजे आणि उत्तर चिठ्ठीवर शब्दांत लिहिले पाहिजे.

श्वास, धाप, दम आणि दमा

'श्वास' हा शब्द सामान्य मराठीत केवळ उच्छ्वास-निःश्वासाची क्रिया दाखवितो. आयुर्वेदात तो व्याधीचे नाव आहे आणि महा, ऊर्ध्व, छिन्न, तमक व क्षुद्र असे त्याचे पाच प्रकार आहेत. रुग्ण 'दम लागतो' म्हणतो तेव्हा त्यास धाप अभिप्रेत असते. ऐकणारा 'दमा' ऐकतो. जिना चढताना लागणारी धाप पांडुरोगात येते, स्थौल्यात येते, हृद्रोगात येते. क्षुद्रश्वासाच्या वर्णनात आचार्यांनी आयास व रूक्ष आहाराने उत्पन्न होणारा, फारसा त्रास न देणारा श्वास वेगळा काढला आहे, ही बाब येथे लक्षात घेण्यासारखी आहे.

तमकश्वासाच्या रुग्णास आडवे झाल्यावर त्रास वाढतो आणि बसल्यावर आराम वाटतो, हे चरकांचे निरीक्षण प्रत्येक वैद्याच्या अनुभवास येते. परंतु हृदय दुर्बल झालेला रुग्णही रात्री झोपेतून गुदमरून उठतो आणि बसल्यावरच त्यास बरे वाटते. त्याच्याही छातीत घरघर ऐकू येऊ शकते. उतारवयात प्रथमच 'दमा' उद्भवला, पायांवर सूज आहे, पूर्वी रक्तदाब किंवा हृदयविकार झालेला आहे, गुलाबी फेसाळ कफ पडतो, यांपैकी काही आढळल्यास 'तमकश्वास' एवढे लिहून थांबू नये. हृदयाची तपासणी प्रथम व्हावी.

बालकांत मोजमाप अधिक विश्वासार्ह. खोकला असलेल्या बालकाचे श्वास पूर्ण मिनिटभर मोजावेत. दोन महिन्यांच्या आतील बालकात ६० वा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० वा अधिक आणि एक ते पाच वर्षांत ४० वा अधिक असतील, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार तो जलद श्वास होय आणि न्यूमोनियाची शंका घ्यावी. श्वासागणिक छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल तर विलंब करू नये. आई 'पोट उडतंय' म्हणते, तेव्हा ती बहुधा हेच सांगत असते.

क्षय हा शब्द

क्षयज कास, धातुक्षय, राजयक्ष्मा आणि क्षयरोग हे चार शब्द एकमेकांचे पर्याय नव्हेत. पहिले तीन आपल्या शास्त्राच्या संज्ञा आहेत. चौथा आज विशिष्ट जंतूमुळे होणाऱ्या रोगाचे नाव म्हणून रूढ आहे. चिठ्ठीवर 'क्षयज कास' लिहिले आणि थुंकीची तपासणी झालीच नाही, तर रुग्णासोबत त्याचे घरही धोक्यात येते. उलट धातुक्षयाच्या रुग्णाने 'मला क्षय सांगितला' असे ऐकून भीतीने औषध सोडल्याचेही दिसते. दोन आठवडे वा अधिक खोकला, ताप, वजनात घट किंवा थुंकीतून रक्त असेल, तर तपासणी करून घ्यावी. २०१२ पासून क्षयरोगाची नोंद शासनास कळविणे आवश्यक आहे, आणि २०१८ च्या अधिसूचनेने औषधविक्रेत्यांनाही त्या कर्तव्यात सामील केले आहे.

औषधालयाच्या गल्ल्यावर

चिठ्ठीवरील शब्द औषधविक्रेत्याच्या हाती पोहोचतो तेव्हा तो कृतीत उतरतो. 'श्वासावर काहीतरी द्या' असे म्हणून ग्राहक येतो आणि श्वासकुठार रस किंवा कनकासव नावानेच मागतो. श्वासकुठारात वत्सनाभ व मनःशिला आहेत. कनकासवात धत्तूर आहे. ही द्रव्ये शोधनपूर्वक व योग्य मात्रेत गुणकारी असली, तरी औषध नियमांच्या ई-१ परिशिष्टात त्यांची गणना होते आणि वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना वेष्टनावर आवश्यक असते. हृदयाची गती बिघडलेल्या रुग्णास वत्सनाभयुक्त कल्प, किंवा काचबिंदू अथवा पौरुषग्रंथीच्या वाढीमुळे मूत्र अडणाऱ्या वृद्धास धत्तूरयुक्त कल्प केवळ 'श्वास' या शब्दावरून देणे अयोग्य होय. 'श्वास कशाचा?' हा एक प्रश्न विचारण्यास अर्धे मिनिट लागते.

काही सूचना

परिभाषेच्या प्रमाणीकरणाचे काम आता मोठ्या पातळीवर सुरू झाले आहे. आयुष मंत्रालयाचे 'नमस्ते' हे संज्ञासंकलन २०१७ साली खुले झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली आयुर्वेदाच्या प्रमाण संज्ञा प्रसिद्ध केल्या, आणि १० जानेवारी २०२४ रोजी नवी दिल्ली येथे रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीतील आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांचा विभाग जाहीर झाला. त्या वर्गीकरणात आपली संज्ञा आधुनिक संज्ञेचे भाषांतर म्हणून येत नाही. स्वतःच्या क्रमांकासह तिच्या शेजारी नोंदविता येते. वर मांडलेल्या भूमिकेशी हे सुसंगत आहे. महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाचा शरीर परिभाषा कोशही हाताशी ठेवण्यासारखा आहे.

सभासदांनी आपल्या व्यवसायात पुढील गोष्टी अमलात आणाव्यात, अशी आमची विनंती आहे.

१. श्वासनलिका, श्वसनी, श्वसनिका, वायुकोश, फुफ्फुसावरण आणि श्वासपटल या सहा नावांचा एकाच अर्थी वापर करावा. क्लोम, क्लोमशाखा हे शब्द चिठ्ठीत टाळावेत.

२. आयुर्वेदीय निदानाशेजारी आधुनिक निदान, ते झाले असल्यास, न्यूमोनिया, अस्थमा, सीओपीडी अशा रूढ नावाने देवनागरीत लिहावे. त्यात कमीपणा नाही.

३. 'शोथ' लिहिल्यास तो संसर्गाचा की पाण्याचा, हे त्याच ओळीत लिहावे.

४. 'श्वास' लिहिल्यास प्रकार लिहावा आणि हृदयाची तपासणी झाली आहे की नाही, तेही नोंदवावे.

५. रुग्णाचा स्वतःचा शब्द, म्हणजे धाप, दम, घरघर, पोट उडणे, अवतरणचिन्हांत जसाच्या तसा टिपून ठेवावा. पुढील वैद्यास तो आपल्या अनुवादापेक्षा अधिक सांगून जातो.

६. औषधविक्रेत्यांनी ई-१ परिशिष्टातील द्रव्ये असलेल्या श्वासकल्पांची यादी गल्ल्याजवळ लावावी आणि ते कल्प वैद्याच्या चिठ्ठीशिवाय देऊ नयेत.

संहिताकारांनी निदानापूर्वी शब्दाचा अर्थ निश्चित करण्यावर भर दिला. टीकाकारांनी तर एकेका पदासाठी पानेच्या पाने खर्च केली. त्या परंपरेचे आपण वारस आहोत. आपण लिहिलेली चिठ्ठी रात्री दोन वाजता एखाद्या अनोळखी डॉक्टरने तालुक्याच्या रुग्णालयात वाचली, तर त्यास रुग्णाची अवस्था नेमकी कळली पाहिजे. तेवढी स्पष्टता आपल्या अक्षरांत असावी, ही अपेक्षा माफक आहे आणि ती पुरी करणे आपल्या हाती आहे.